सूर्यास्ताची वही



आमच्या भाईंदरला संध्याकाळचे पाच वाजले की इमारतीतल्या निम्म्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. सूर्यास्ताच्या आत पाने वाढली गेली पाहिजेत ना! डिसेंबरात इथला सूर्यास्त सहाच्या सुमाराला, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. वर्षभरात फरक जेमतेम सव्वा तासाचा. त्यातून आपण दोन घडी, म्हणजे 48 मिनिटे, आधी जेवण आटोपायचे म्हणतो. तरीही ते जमते. आमचे हे नोकरीत असताना हिवाळ्यात चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमध्येच डबा उघडायचे. दशमी आणि चटणी, उभ्या उभ्या, बोरिवली यायच्या आत. डब्यातली बरीच माणसे तसेच करायची, त्यामुळे कोणाला त्यात नवल वाटत नसे.

सगळे आयुष्य असे गेले, म्हणून मला वाटायचे की हा नियम फार सोपा आहे आणि ज्याला पाळायचा त्याला कुठेही पाळता येतो. मुलगा, सूनबाई आणि नात इंग्लंडमध्ये लेस्टरला राहायला गेले आणि माझी ही समजूत बदलली. तिकडे मी दोनदा राहून आले. त्या दोन खेपांमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. तुमच्यापैकी अनेकींची नातवंडे परदेशात आहेत, म्हणून ती चूकही आज सांगणार आहे.

पहिली खेप 2023 ची. मार्चअखेर मी पोहोचले. लेस्टर आपल्या लोकांना परके वाटत नाही. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका, इथे जागा नाही. लोक तरीही आले, आणि आज त्याच शहरातल्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीची रोषणाई बघायला लांबून माणसे येतात. मेथी, तोंडली, दुधी सगळे तिथे मिळते. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आपले जैन सेंटर आहे. ते पूर्वी चर्च होते. 1988 मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली. बाहेरून पांढरा संगमरवर, आत कोरीव खांब आणि खिडक्यांच्या रंगीत काचांमधून महावीरांचे जीवन. मला सर्वांत आवडले ते असे की एकाच छपराखाली श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी आणि श्रीमद् राजचंद्रांना मानणारे अशा सगळ्यांची सोय आहे. आपल्याकडे आपण वेगवेगळ्या दारांनी जातो. तिथे थंडीने सगळ्यांना एका दारात आणले, असे मी गमतीने म्हणते.

मी गेले त्यानंतर थोड्याच दिवसांत, 9 एप्रिलला, ईस्टर होता. शेजारी एक म्हाताऱ्या इंग्रज बाई राहतात, फार प्रेमळ. त्यांनी नातीला चॉकलेटचा ससा आणून दिला. सोनेरी कागद, गळ्यात लाल फीत, तिला छोटी घंटा. नात तेव्हा सात वर्षांची. ती घंटा वाजवत घरभर नाचत होती. मी डब्यावर लिहिलेले वाचून पाहिले. अंडे नव्हते, जिलेटिन नव्हते, खायला काही हरकत नव्हती. पण तिने कागद सोलला आणि "आजी, आधी कान खाऊ की शेपूट?" असे विचारले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

मैत्रिणींनो, तुमच्याही आला असता. यशोधर राजाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली. सोमदेवसूरींनी ती दहाव्या शतकात 'यशस्तिलकचंपू'मध्ये लिहिली, कानडीत जन्न कवीने लिहिली, आणि मला माझ्या आजीने सांगलीकडच्या आमच्या माहेरच्या घरात कानडी-मराठी मिसळून सांगितली. राजाला वाईट स्वप्न पडते. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार नाही. शेवटी आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून तो कापतात. जीव गेला नाही, पण कापण्याचा भाव झाला. त्याचे फळ म्हणून मायलेक पुढे कितीतरी जन्म जनावरांच्या योनीत फिरले. तो मोर झाला, ती कुत्रा. म्हणून आपल्या घरात प्राण्याच्या आकाराचा केक येत नाही, साखरेचे हत्ती-घोडेसुद्धा आपण मुलांना खायला देत नाही.

मी त्या रात्री नातीला ही गोष्ट सांगितली. नुसती सांगितली नाही, चांगली रंगवून सांगितली. तिने मुकाट्याने ससा आणून माझ्या हातात दिला. मी तो कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि मनात म्हटले, संस्कार झाला.

उन्हाळा फार छान गेला. जूनमध्ये तिथे सूर्यास्त रात्री साडेनऊला! मी तर खिडकीत उभी राहून घड्याळाकडे बघतच राहायचे. तिथले लोक मुलांना संध्याकाळी पाच-साडेपाचला जेवू घालतात, त्या जेवणाला ते 'टी' म्हणतात. म्हणजे उन्हाळ्यात लेस्टरमधली सगळी मुले, कोणत्याही धर्माची असोत, आपल्या नियमाने जेवत होती. शनिवार-रविवारी मुलगा आम्हाला ब्रॅडगेट पार्कला न्यायचा. मोठे मैदान, खडक, ओढा, आणि माणसांपासून थोड्याच अंतरावर निवांत चरणारी हरणे. मध्यभागी लेडी जेन ग्रे हिच्या वाड्याचे अवशेष आहेत. 1553 मध्ये ती फक्त नऊ दिवस राणी होती आणि पुढच्याच वर्षी, सतरा वर्षांच्या आसपासच्या त्या पोरीचा शिरच्छेद झाला. तिच्या शोकाने तिथल्या ओक झाडांचे शेंडे छाटले होते, अशी आख्यायिका आहे. नातीने विचारले, "आजी, तिचा काय दोष होता?" मी म्हटले, "काही नाही ग, मोठ्यांच्या हट्टापायी गेली बिचारी." हे बोलताना मला स्वतःचे काही आठवले नाही, याचे आज आश्चर्य वाटते.

जूनअखेर एकदा नातीचे कपडे आवरत होते. मोज्यांच्या खणात तळाशी सोनेरी कागद सापडला, नीट घडी घातलेला, सोबत ती घंटा. मी स्टूल घेऊन कपाटाची वरची फळी पाहिली. ससा नव्हता.

मी रागावले, पण बोलले नाही. सूनबाईला कागद दाखवला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आई, तुम्हाला सांगणार नव्हते. तिने एप्रिलमध्येच खाल्ला. रात्री उठून, खुर्चीवर चढून. तेव्हापासून ती मला अधूनमधून विचारते, मी आता कुत्रा होणार का?"

दोन महिने! सात वर्षांचे लेकरू दोन महिने हे मनात घेऊन शाळेत जात होते, माझ्याबरोबर णमोकार म्हणत होते, माझ्या कुशीत झोपत होते आणि मला काहीच कळले नाही. मी तिला सशाची दया शिकवायला गेले, आणि ती शिकली काय, तर लपवायला आणि घाबरायला. सूनबाई एका शब्दाने मला बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

तरीही मी तिथे असेपर्यंत नातीशी हा विषय काढू शकले नाही. काय बोलायचे तेच सुचेना. ऑगस्टमध्ये भाईंदरला परत आले. दशलक्षण पर्व आले, उत्तम क्षमेपासून ब्रह्मचर्यापर्यंत दहा दिवस प्रवचने ऐकली. क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात शंभर जणींना हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणून आले, पण जिची क्षमा मागायची ती तर लेस्टरला! घरी येऊन व्हिडिओ कॉल लावला. तिला म्हटले, "बाळा, ती सशाची गोष्ट मी तुला घाबरेल अशी सांगितली. माझे चुकले. तू कुत्रा-बित्रा काही होणार नाहीस. मला क्षमा कर."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, मीपण सॉरी. मी सगळा खाल्ला. पण कान नाही खाल्ले. कान मी बागेत पुरले."

मला हसूही आले आणि रडूही.

दुसरी खेप 2024 ची. ऑक्टोबरच्या मध्याला गेले आणि मार्चपर्यंत राहिले. या वेळी खरा प्रश्न हिवाळ्याचा होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळे तासभर मागे करतात. शनिवारी सूर्यास्त पावणेसहाला होता, रविवारी एकदम पावणेपाचच्या सुमाराला! डिसेंबरात तो चारला पाच-सात मिनिटे असतानाच होतो. शाळा सुटते सव्वातीनला. मुलगा ऑफिसातून निघतो साडेपाचला. आता सांगा, काय करायचे?

मी एक वही केली. जमाखर्चाची सवय जुनी आहे. एका रकान्यात लेस्टरचा सूर्यास्त, दुसऱ्यात भाईंदरचा, तिसऱ्यात आमच्या घरात कोण किती वाजता जेवले ते. वही लिहायला लागल्यावर कळले की सूनबाई न बोलता किती करत होती. शाळेत नातीचे दुपारचे गरम शाकाहारी जेवण. शाळा सुटल्यावर गाडीत बसल्या बसल्या डबा, त्यात दशमी किंवा पराठा. घरी येईपर्यंत डबा संपलेला. मला ह्यांची बोरिवलीपर्यंतची लोकल आठवली. दोन घडी आधी काही जमत नव्हते, पण सूर्यास्ताच्या आत बहुतेक दिवशी जमत होते. मुलाने स्वतःपुरते ठरवले होते की कामाच्या दिवशी रात्री अन्न नाही, फक्त दूध आणि फळ, आणि सुट्टीच्या दिवशी पूर्ण नियम. हे त्याने मला कधी सांगितले नव्हते, कारण आई 'एवढेच?' म्हणेल असे त्याला वाटत होते. आणि मी म्हटलेही असते.

त्या वर्षी एक गंमत झाली. 31 ऑक्टोबरला त्यांचा हॅलोविन आणि दुसऱ्या दिवशी, 1 नोव्हेंबरला पहाटे, आपला महावीर निर्वाण लाडू. हॅलोविनला तिथे भोपळा पोखरून त्यात चेहरा कोरतात आणि दिवा लावून दारात ठेवतात. नात आता मोठी झाली होती. भोपळा समोर ठेवून मलाच विचारते, "आजी, चेहरा कोरला तर पिठाचा कोंबडा होईल का?"

या वेळी मी गोष्ट सांगितली नाही. म्हटले, "तुला काय वाटते?" तिने विचार केला. म्हणाली, "चेहरा नको. चांदणी चालेल." शेवटी तिने चंद्रकोर कोरली आणि तिच्या खाली तीन ठिपके, आपले रत्नत्रय आणि वर सिद्धशिला. त्याखाली तिला स्वस्तिकही कोरायचे होते, पण सूनबाईने समजावले की या देशांत लोक ते चिन्ह पाहून हिटलरची आठवण काढतात, शेजारच्या आजींना वाईट वाटेल. ते आपण आत, देव्हाऱ्यापाशी काढू. नातीला ते पटले. भोपळा काही कंदमूळ नाही, त्यामुळे आतल्या गराच्या मी घाऱ्या केल्या. तिथे लोक हा गर सर्रास टाकून देतात हो! शेजारच्या आजींना चार घाऱ्या दिल्या, तर त्यांनी त्यांच्या भोपळ्याचा गरही आणून दिला. मग पुन्हा घाऱ्या.

रात्री मुले दारोदार जाऊन गोळ्या जमवतात. नात पिशवी भरून घेऊन आली आणि स्वतःच वेष्टने वाचत बसली. चघळायच्या मऊ गोळ्यांत बहुधा जिलेटिन असते, ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. त्या सगळ्या तिने वेगळ्या काढल्या आणि मैत्रिणीला दिल्या. मी तिथे नुसती बसले होते. पहाटे निर्वाण लाडू अर्पण केला आणि दिवाळीच्या संध्याकाळी तोच भोपळ्याचा दिवा पुन्हा दारात लावला.

पुढे 5 नोव्हेंबरला त्यांची बॉनफायर नाइट. 1605 मध्ये गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी पार्लमेंट उडवायचा कट केला होता, तो फसला म्हणून लाकडांचा ढीग पेटवतात आणि फटाके उडवतात. आपली होळीच म्हणा. मला काही तिकडे जायची इच्छा नव्हती. पण नातीने शाळेतून एक कागद आणला होता. त्यावर हेजहॉगचे चित्र होते, अंगावर काटे असलेला छोटा प्राणी. थंडीत हे प्राणी पालापाचोळ्यात आणि लाकडांच्या ढिगात झोपायला शिरतात, म्हणून ढीग पेटवण्यापूर्वी तो हलवून, टॉर्चने बघून घ्या, असे त्यावर लिहिले होते. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था दरवर्षी हे सांगतात. मी तो कागद दोनदा वाचला. आपल्याकडे चुलीत गोवरी घालण्याआधी ती आपटून घ्यायची, हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवले होते. तेच!

डिसेंबरात एकदा बाहेर शून्याखाली थंडी, साडेचार वाजता काळोख. नातीला भूक लागली होती. ती म्हणाली, "आजी, आपण रात्री का जेवत नाही?" मी नेहमीचे उत्तर दिले, दिव्यावर किडे येतात, ते अन्नात पडतात, जीव जातात. तिने खिडकीकडे बोट केले. "इथे थंडीत किडेच नाहीत. मग?"

उत्तर माझ्याकडे नव्हते. 'पुरुषार्थसिद्ध्युपाय'मध्ये अमृतचंद्राचार्यांनी म्हटले आहे की रात्रीच्या खाण्यात आसक्तीही जास्त असते, ते मी ऐकले आहे. पण नऊ वर्षांच्या मुलीला आसक्ती काय सांगू? मी एवढेच म्हटले, "विचार करून सांगते." आणि तिला दूध दिले. वहीत तसे लिहिले.

उत्तर मार्चमध्ये मिळाले, आणि तेही मी दिले नाही. हिवाळा संपता संपता तिथे टोड जातीचे बेडूक झोपेतून उठतात आणि अंडी घालायला आपल्या जुन्या तळ्याकडे निघतात. ते नेमके काळोख पडल्यावर, पावसाळी हवेत निघतात आणि रस्ता ओलांडताना गाड्यांखाली चिरडतात. फ्रॉगलाइफ नावाची संस्था 'टोड्स ऑन रोड्स' अशी मोहीम चालवते. गावोगावचे लोक चमकणारी जाकिटे घालून, बादली आणि टॉर्च घेऊन रस्त्यावर उभे राहतात, बेडूक उचलतात आणि पलीकडे नेऊन सोडतात. नातीच्या वर्गातल्या एका मुलीचे आईवडील जायचे, त्यांच्याबरोबर आम्हीही एकदा गेलो, शहराबाहेरच्या एका खेड्यापाशी. मी पदपथावर उभी होते, स्वेटर, कोट, कानटोपी घालून. बारीक पाऊस. आयुष्यात कधी जैन शब्द ऐकला नसेल अशी ती माणसे, रात्री थंडीत बेडूक उचलत होती. माझे हात आपोआप जोडले गेले.

मी थोडी पुढे सरकले तर नात ओरडली, "आजी, थांब!" तिने माझ्या पायाशी टॉर्च मारला. ओल्या पानांवर, पानांच्याच रंगाचा एक बेडूक बसला होता. माझ्या बुटापासून वीतभर. मला काहीही दिसले नव्हते. तिच्या बाबाने तो उचलला, बादलीत ठेवला. घरी परतताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अंधारात तुला दिसलाच नाही ना?" मी म्हटले, "नाही." "असते ते, पण दिसत नाही." "हो बाळा." तिने पुढे काही विचारले नाही आणि मीही काही जोडले नाही. फार जोडायला गेले की काय होते ते मला आता ठाऊक आहे.

निघण्याआधी शेजारच्या आजी घरी आल्या. त्यांचा लेंट चालू होता. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस काहीतरी सोडायचे असते, त्यांनी चॉकलेट सोडले होते. वयाच्या ऐंशीच्या घरात! लेंट सुरू होण्याआधीच्या मंगळवारी घरातली अंडी-लोणी संपवायला पॅनकेक करतात, तेव्हा सूनबाईने त्यांना आपली तांदळाची घावने खाऊ घातली होती. आजींनी मला विचारले, "यंदा मुलीला ससा चालत नसेल तर काय देऊ?" त्यांना कोणी सांगितले? नातीनेच. मी म्हटले, "तिलाच विचारा." नातीने सूर्यफुलाच्या बिया मागितल्या.

मैत्रिणींनो, आपली मुले जिथे गेली आहेत तिथे पाऊस चातुर्मासात येत नाही, सूर्य आपल्या घड्याळाने मावळत नाही. त्यांनी आपल्याइतके पाळले नाही म्हणून आपण फोनवर उसासे टाकतो. निदान मी टाकायचे. एक विनंती करते. मुलाला, सुनेला 'एवढेच?' असे म्हणण्याआधी ते 'एवढे' कसे जमवतात ते एकदा विचारा. आणि नातवंडांना गोष्टी जरूर सांगा, पण रात्री झोपताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सांगा.

वही आता नातीकडे आहे. ती रोज शाळेतून आल्यावर लेस्टरचा सूर्यास्त मला मेसेज करते, मी भाईंदरचा कळवते. ती तिसऱ्या रकान्यात काय लिहिते ते मी विचारत नाही. परवा तिने आपणहून सांगितले, "आजी, काल मी विसरले आणि आठला बिस्कीट खाल्ले. लिहून ठेवले आहे."

मी म्हटले, "बरे केलेस."

कोणाचे मन दुखावले असेल तर उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.